झेब्रा एमसी३३०० चा कीपॅड कामाप्रमाणे बदलून वापरताना: वाडीच्या गोडाऊनमधला अनुभव

वाडीत पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात घामाच्या बोटाने टचस्क्रीन चालवणं म्हणजे वैताग. म्हणून झेब्रा एमसी३३०० या हातात धरून बारकोड स्कॅन करायच्या मशीनचं ४७ कीचं मॉडेल घेतलं. काही महिन्यांच्या वापरानंतर मत पक्कं आहे: चार-पाचच कींचं काम बदलावं, पण सगळ्या मशीनवर तंतोतंत सारखं.

एकाच मशीनसाठी सेटिंग्जमधला की प्रोग्रामर पुरतो. यादीतून बटण निवडा, मग शॉर्टकट, की किंवा ट्रिगर यांपैकी हवं ते द्या. डावखुऱ्या माणसाला बाजूच्या पीटीटी (वॉकी-टॉकीसारखं दाबून बोलायच्या) बटणावर स्कॅन ट्रिगर दिला की हात वळवावा लागत नाही. बॅक किंवा होमचं बटण बदललंत तर मशीन एकदा रीस्टार्ट करा.

पण मशीन दहा-वीस असतील तर हाताने करत बसू नका, कुठेतरी एक की चुकतेच. संगणकावर स्टेजनाऊ हे झेब्राचं मशीन सेट करायचं सॉफ्टवेअर उघडा, एक्सपर्ट मोडमध्ये की मॅपिंग मॅनेजर घ्या, प्रोफाइल बनवून बारकोड छापा आणि प्रत्येक मशीनवर स्कॅन करा. एमएक्सची (मशीनमधल्या झेब्राच्या सेटिंग्ज प्रणालीची) आवृत्ती मशीनवर आहे त्याहून वरची निवडू नका. मॅपिंग, म्हणजे बदललेल्या की, जास्त असल्या तर बारकोड एकाहून अधिक निघतात. सगळे स्कॅन होईपर्यंत काहीच लागू होत नाही. छापील कागद लॅमिनेट करून ठेवाच, फॅक्टरी रीसेटनंतर तोच कामी येतो.

खरी गंमत मॉडिफायरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कीचं काम बदलणाऱ्या निळ्या-नारिंगी कींमध्ये आहे. साधी, निळी, नारिंगी अशा प्रत्येक अवस्थेचा मॅपिंगचा तक्ता वेगळा असतो. ईएससी चुकून दाबली जाते आणि भरलेली मोजणी उडते, म्हणून साध्या तक्त्यात ती सप्रेस, म्हणजे बंद केली आणि निळ्या तक्त्यात तशीच ठेवली. आता बाहेर पडायचं तर निळी आधी दाबावी लागते. उलट, की फक्त साध्या तक्त्यात बदलली आणि निळी लॉक राहिली, तर ‘की चालत नाही’ अशी तक्रार येणारच. तेव्हा आधी स्टेटस बारमधलं चिन्ह बघा.

कीला द्यायच्या कोडची गफलत नेहमीची. अँड्रॉइडमध्ये डीईएल नावाचा कोड ६७ हा प्रत्यक्षात बॅकस्पेस असतो, पुढचं अक्षर खोडणारा ११२ आहे. एंटर ६६ आणि नमपॅडचा एंटर १६० हे वेगळे. आमचं स्टॉकचं ॲप फक्त ६६ ऐकतं. स्कॅन केल्यावर कर्सर दोन रकाने पुढे उडी मारत असेल तर कीपॅडला दोष देऊ नका. स्कॅन केलेला डेटा ॲपला देणाऱ्या डेटावेज या झेब्राच्या सॉफ्टवेअरच्या बेसिक डेटा फॉरमॅटिंगमध्ये एंटर पाठवणं चालू असतं आणि ॲपही स्वतः पुढे सरकत असतं. दोघांपैकी एक बंद करा, शक्यतो डेटावेजमधला.

बदललेल्या कीवर स्टिकर लावले होते, ते घामाने सुटले. त्यापेक्षा मशीनच्या पाठीवर कोणती की काय करते याचा लहान तक्ता चिकटवलेला बरा. ॲप उघडायची की मात्र कोणी वापरत नाही. ॲप दिवसभर उघडंच असतं.