छापील सर्किट की हाताने काढलेलं?
जुना अँप दुरुस्त करायचा तर १९५८-६० च्या फेंडर बासमन या गिटार अँप्लिफायरचं (मॉडेल ५एफ६-ए) कंपनीचं सर्किट, म्हणजे जोडणीचा नकाशा, सहज मिळतं, सोबत कुठला पार्ट कुठे बसतो त्याचा लेआउटही. त्यातले व्होल्टेज आणि मीटरचं रीडिंग ताडून पाहिलं की बिघाड बहुतेकदा सापडतोच. पण मधल्या काळात कोणी काय बदललंय, हे कागदाला काय ठाऊक? तिथे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे पार्ट) आधी डिस्चार्ज करून (बंद अँपमध्येही शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात, गंमत नाही) वायर न् वायर धरून सर्किट स्वतः काढायचं. काम वेळखाऊ, पण फरक तेव्हाच दिसतात: मार्शलच्या जेटीएम४५ अँपची रचना बासमनचीच, तरी फीडबॅक (आउटपुटमधून मागे वळवलेला सिग्नल) सहसा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या १६ ओहमच्या टॅपवरून (जोडणीवरून), बासमनमध्ये २ ओहमवरून. हात न लागलेल्या अँपला छापील सर्किट पुरतं. बाकी सगळ्यांना माझं मत पेन्सिललाच.