चाळीस जोड मणी, तीन क्यूआर कोड आणि माझे ४१,५९५ रुपये

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी दोन ते पावणेतीन या वेळात माझ्या खात्यातून १०,४००, पुन्हा १०,४०० आणि मग २०,८०० रुपये गेले. त्याआधी 'चेक करायला' म्हणून त्या बनावट गिऱ्हाइकाने माझ्याकडून ५ रुपये घेतले होते आणि १० परत पाठवले होते. हिशेब जुळवून माझं नुकसान ४१,५९५ रुपये. मी साताऱ्यात घरी बसून काचेचे मणी बनवते. माझा एक मणी १३० रुपयांना जातो. किती मणी झाले ते तुम्हीच बघा.

हे लिहायची लाज वाटते. घरचे, बँक आणि पोलीस सोडले तर दोन महिने कोणाला सांगितलं नाही. पण गेल्या आठवड्यात क्रोशाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंना शब्द न् शब्द मला आला होता तोच मेसेज आला, म्हणून लिहिते आहे.

आधीच सांगते, मी अडाणी नाही. ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे मला माहीत आहे. लॉटरी, वीजबिल, पार्सल अडकलंय, असले सगळे फोन मी कापते. नणंदेला दोनदा मीच वाचवलंय. त्यामुळे 'एवढंही कळलं नाही का' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. मला कळत होतं आणि तरीही माझे पैसे गेले.

मेसेज आला तेव्हा संक्रांतीचं हळदीकुंकू संपून विक्री बसली होती. काच वितळवायच्या ज्योतीला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या सिलिंडरचे पैसे द्यायचे होते. तो म्हणाला, मी फौजेत आहे, नगरला पोस्टिंग आहे, मिसेसच्या ग्रुपमध्ये वाटायला चाळीस जोड कानातल्यांचे मणी पाहिजेत. जोडीला २६० म्हणजे १०,४०० रुपये. एका शब्दाने घासाघीस केली नाही. एरवी मला काय ऐकावं लागतं? 'उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरचे मणी किलोवर मिळतात, तुमचा एक एकशेतीसला कसा?' काचेची कांडी ज्योतीत वितळवायची, लेप दिलेल्या सळईवर गुंडाळायची, फिरवत राहायचं, मग भट्टीत ५०० अंशांच्या आसपास ठेवून तासन् तास सावकाश थंड करायचं, हे दर गिऱ्हाइकाला नव्याने सांगावं लागतं. दिवसभर बसले तर वीसेक मणी होतात. आणि हा माणूस म्हणतो, 'मॅडम, हाताच्या कामाचे पैसे कमी करायचे नसतात.' मी विरघळले. खरं सांगते, त्या वाक्याने विरघळले.

आणि फौज! माझे वडील, अण्णा, सतरा वर्षं फौजेत होते. आमच्या भागात घराआड एक माणूस फौजेत असतो. वर्दीतल्या माणसावर संशय घ्यायचा, हे आमच्या घरात शिकवलेलंच नाही. त्याने न मागता ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवला. चेहरा, नंबर, शिक्का, सगळं व्यवस्थित. अण्णा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. मध्ये फक्त एक दार. मी तो फोटो त्यांना दाखवला नाही. संध्याकाळी दाखवला तेव्हा चष्मा न लावताच म्हणाले, "अगं, फौजी माणूस आपलं कार्ड असं कुणालाबी पाठवत सुटतो होय? कोर्ट मार्शल होईल की त्याचं." ते एक वाक्य मला दुपारी दोन वाजता ऐकायला मिळायला हवं होतं. कोणा बिचाऱ्या खऱ्या जवानाचं कार्ड चोरून ही टोळी वापरते, एवढंच.

पण कार्ड राहू दे. ज्याने मला रात्र रात्र झोप येत नाही ती गोष्ट वेगळी आहे. त्याने भोक विचारलं नाही.

मणी विकत घेणारा कोणताही माणूस पहिला प्रश्न विचारतो तो भोकाचा. किती मिमी? तार जाईल का? दोरा दुहेरी घेता येईल का? कानातलं करायचं असेल तर वजनही विचारतात, कारण जड मण्याने कान ओढतो. काळ्या पोतीत ओवायला दोन मणी घेणारी आजीसुद्धा भोक विचारते. हा माणूस चाळीस जोड घेतो आणि भोक नाही, वजन नाही, रंग नाही, 'फोटोत आहे तसंच पाठवा' म्हणतो. मणी त्याला नकोच होते. सहा वर्षं हा धंदा करून मला ते त्याच क्षणी दिसायला हवं होतं. दिसलंही होतं. मनात आलं होतं, 'भोक नाही विचारलं यानं.' मग मीच उत्तर दिलं, पुरुष माणूस आहे, त्याला काय कळतंय.

ऑनलाइन काहीही विकत असाल तर तुमच्या मालातला असा एक प्रश्न ठरवून ठेवा, जो खरा गिऱ्हाईक विचारल्याशिवाय राहत नाही. तो विचारला गेला नाही तर आगाऊ पैसे येऊ देत, नाहीतर विषय संपवा.

मंगळवारी मी कामाला बसले असताना चार वेळा फोन वाजला. सळईवर निळ्या काचेचा मणी होता, त्यावर पांढरे ठिपके देत होते. अशा वेळी हात थांबवता येत नाही, काच एका बाजूला ओघळते. पाचव्यांदा उचलला. "मॅडम, अकाउंटवाले साहेब समोर उभे आहेत, आत्ताच पेमेंट टाकायचंय." मी ज्योत बंद केली, सळई विटेवर ठेवली. 'फौजेच्या खात्यातून पैसे पाठवायची पद्धत वेगळी असते, आधी ५ रुपये टाका, १० येतील.' आले. मग कोड आला. 'हा स्कॅन करा, पिन टाका, १०,४०० जमा होतील.'

पिन पैसे घ्यायला लागत नाही. कधीच नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. हे मला तेव्हाही माहीत होतं! पिनच्या चौकटीवर 'सेंडिंग' असा शब्द होता आणि खाली कुठल्यातरी दुकानाचं नाव होतं, त्याचं नव्हे. मी ते वाचलं. तो कानात अखंड बोलत होता, पाठीमागून 'यस सर, यस सर' असे आवाज येत होते. मी पिन टाकला.

पैसे गेले म्हटल्यावर तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा बोलायला लागला. 'सिस्टीममध्ये अडकले, पुन्हा स्कॅन करा, दोन्ही एकदम येतील.' दुसरे गेले. मग 'दुप्पट रकमेचा कोड टाकतो, सगळे सुटतील.' लोक विचारतात तिसऱ्यांदा का टाकलास? कारण तेव्हा ऑर्डर डोक्यात नव्हती, मी माझ्याच वीस हजारांच्या मागे धावत होते. तिसरा पिन टाकण्याआधी विटेवरचा मणी टक् करून तडकला. भट्टीत न जाता थंड झाला की बहुतेकदा तडकतो. मी मान वळवून बघितलं. निळ्यावर आरपार रेघ गेलेली. आणि परत फोनकडे वळून २०,८०० चा पिन टाकला.

त्यानंतर मी केलेली सर्वात महाग चूक: पाऊण तास त्यालाच फोन लावत बसले. तुम्ही असं करू नका. फोन ठेवा आणि १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात मिनिटांत फिरतात. १९३० वर तक्रार लवकर गेली तर जिथे पोहोचले असतील तिथे अडवता येतात. जवळ बँकेचा मेसेज, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक ठेवा, तोच आधी विचारतात.

मी लावला तेव्हा लाइन व्यस्त. अकराव्या वेळी लागला. बाईंनी नीट लिहून घेतलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या सगळ्यांबद्दल आहे.

बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकला ना? मग?" रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, असं त्यात आहे. माझं नुकसान कळवण्याआधीचं, म्हणून ते मला लागू नाही, हे मान्य. पण मग लेखी द्या ना! लेखी कोणी देईना. अर्ज घेतल्याची पोच मागितली तर 'साहेब रजेवर आहेत'. तीन खेटे घातल्यावर शिक्का मिळाला. पोच घेतल्याशिवाय बँकेतून हलू नका, कारण तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायला तोच कागद लागतो.

पोलीस ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं काम. सायबरला गेले तर म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यात. परत ठाण्यात गेले तर म्हणाले, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर टाकलंय ना, मग झालं. पोर्टलवरची तक्रार म्हणजे गुन्हा नोंद नव्हे, हे मला एका वकिलाने सांगितलं. फसवणुकीची दोन कलमं, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, सांगितल्यावर समोरचे हवालदार हसले. "शिकलेल्या दिसताय, मग फसलात कशा?" बाजूला बसलेले दोघेही हसले. चाळीस हजार म्हणजे त्यांना किरकोळ. इथे लाखांच्या केसेस पडून आहेत, म्हणाले. दुसऱ्याच्या लाखात आणि माझ्या चाळीस हजारात काय फरक आहे? ती माझी चार महिन्यांची कमाई होती. मी चोरी केल्यासारखी बाकावर अडीच तास बसले आणि ज्याने चोरी केली त्याचा नंबर त्या दिवशीही चालू होता! मी तिथूनच लावून दाखवला, रिंग गेली. ते म्हणाले, "कशाला लावताय, सावध होईल तो."

चॅट डिलीट करू नका. मी रागाच्या भरात दोन कोड पुसून टाकले होते, त्यावरही बोलणी खाल्ली. घरातल्यांपासूनही लपवू नका. मी आठ दिवस नवऱ्याला फक्त १०,४०० सांगितले होते.

पाचव्या फेरीला गुन्हा नोंदला गेला. ४१,६०० पैकी ६,३०० रुपये कुठल्याशा खात्यात गोठवलेले सापडले आहेत. ते आपोआप परत आले नाहीत, मला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं. वकील ३,५०० मागतो. अण्णा म्हणाले, सोडून दे. मी सोडणार नाही. चौदा तारखेला कोर्टात अर्ज टाकते आहे.