कागदाचं कापड: सूत घरी काढावं की तयार आणावं?

घरात माग आहे, चरखा चालवता येतो आणि आता जपानी कागदाचं कापड, म्हणजे शिफू, विणून बघायचंय. पहिला प्रश्न सुताचा. कोझो कागद कापून सूत स्वतः काढायचं, की कारखान्यातलं कागदी सूत कोनावर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रिळावर, विकत घ्यायचं? कापड दोन्हींचं कागदाचंच. पण हातात घेतलं की फरक लगेच कळतो.

आधी हाताचं सूत. कोझो हे तुतीच्या कुळातलं झाड. त्याच्या आतल्या सालीचे तंतू साधारण १ सेंमी लांब असतात आणि सगळी मदार या लांबीवर आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला आपला हातकागद लिहायला सुंदर, पण त्याचे तंतू कुटून आखूड झालेले असतात. मी त्याच्या पट्ट्या वळून पाहिल्या, त्या तळव्याखालीच तुटल्या. तेव्हा कागदाच्या बाबतीत तडजोड करू नका.

पातळ ताव घडी घालून, तंतूंच्या दिशेने २ ते ३ मिमीच्या पट्ट्या कापायच्या, पण दोन्ही कडांना बोटभर पट्टी न कापता सोडायची. मग ताव ओल्या टॉवेलात रात्रभर ठेवायचा आणि सकाळी खरबरीत दगडावर तळव्यांनी वळायचा. मधूनमधून उचलून झटकायचा, नाहीतर पट्ट्या एकमेकींना चिकटतात. हळूहळू चपट्या पट्ट्या गोल होतात. मग कडा आलटून पालटून फाडल्या की अख्ख्या तावाचा एकच सलग धागा निघतो. फाडल्या जागी बोटांनी वळलेली छोटी गाठ राहते. कापडात ती दाण्यासारखी दिसते आणि मला तीच फार आवडते. चरख्यावर पेळूतून (कापसाच्या वातीतून) तंतू ओढायचे नसतात, फक्त पीळ द्यायचा. जपानी चरखा, म्हणजे इतोगुरुमा, आणि आपला चातीचा चरखा एकाच जातीचे, त्यामुळे नवं अवजार घ्यायची गरज नाही.

हिशेब असा: ६० × ९० सेंमीच्या तावातून ३ मिमीच्या पट्ट्यांनी सुमारे १८० मीटर सूत. ५० सेंमी पन्ह्याचं कापड, सेंमीला ८ आडवे धागे धरले, तर एका मीटरला ४०० मीटर बाणा, म्हणजे आडवं सूत, लागतो. म्हणजे दोन तावांहून थोडं जास्त. कागद फार लागत नाही, दिवस लागतात.

तयार सुतात हे दिवस वाचतात. यंत्रावर कागदाच्या अरुंद फिती कापून पीळ दिलेला असतो. कागद लाकडाच्या लगद्याचा किंवा अबाका, म्हणजे मनिला हेम्पचा. धागा एकसारखा, सलग, ताण्यालाही, म्हणजे उभ्या धाग्यांनाही, चालणारा. फिनलंडमध्ये अशाच सुताचे गालिचे विणतात. चटई, पडदा, पिशवी करायची असेल तर डोळे मिटून हेच घ्या. जाड सुताच्या कापडाला मात्र कडकपणा राहतो.

अंगावर घालायचं असेल तर माझं मत ठामपणे हाताच्या सुताकडे. शिफू वजनाला हलकं, उन्हाळ्यात गार आणि वापरता वापरता मऊ होणारं. ते धुताही येतं. घासू-पिळू नका, इतकंच. जपानच्या एदो काळात (१६०३–१८६८) मियागीकडच्या शिरोइशी गावचं बारीक शिफू शोगुनला, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाला, नजराणा म्हणून जाई. गरिबाघरी जुन्या हिशेबवह्यांच्या कागदाचं सूत निघे आणि शाईचे ठिपके कापडात उतरत.

आता ताणा. कागद ताण्यात आणि बाण्यात दोन्हीकडे असेल तर ते मोरोजिफू. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. मागाच्या फणीच्या घर्षणाने धागे तुटून जीव मेटाकुटीला येतो. रेशमी ताण्याचं किनुजिफू झळझळीत, पण हात बसल्यावर. सुरुवात सुती ताण्यावर करा, म्हणजे मेन्जिफू.

अजून ठरत नसेल तर कोझोचा एकच ताव आणि तयार सुताचा एक छोटा कोन आणा. एकाच सुती ताण्यावर वीतभर हे, वीतभर ते विणा. मग तुकडा धुऊन वाळवा आणि गालाला लावून बघा.