सोसायटीचा एसटीपी: एमबीबीआर, एसबीआर की एमबीआर?

रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये लिफ्ट कुठल्या कंपनीची आणि लॉबीत मार्बल कुठला यावर तास न् तास भांडणं होतात, पण बेसमेंटमधल्या एसटीपीबद्दल, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटबद्दल, टेंडरमध्ये जेमतेम एक ओळ असते. बिल्डर चावी देऊन मोकळा होतो आणि नंतरचं वीजबिल, ऑपरेटरचा पगार, वास, टाकीत हवा मारणाऱ्या ब्लोअरची घरघर सगळं आपल्या मेन्टेनन्समधून. त्यामुळे एमबीबीआर, एसबीआर आणि एमबीआर या तीन पद्धतींतली कुठली घ्यायची हे जे आत्ता ठरवतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हिशोब करा. १०० फ्लॅट, घरटी ५ माणसं, म्हणजे ५०० जण. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले ४५ फ्लशचे. एकूण ६७,५०० लिटर झालं, त्यातलं ८०-९० टक्के सांडपाणी होऊन खाली येतं, आणि ते शुद्ध करून फ्लशला परत लागतं फक्त २२,५०० लिटर. बागेला, गाड्या धुवायला थोडं जातं, पावसाळ्यात तेही नाही. उरलेलं महापालिकेच्या ड्रेनेज लाइनलाच जाणार, म्हणजे व्हेंडर ग्लासात चकचकीत पाणी दाखवतो तेव्हा एवढं चकचकीत पाणी आपल्याला किती लागणार हे आधी विचारायचं.

एमबीबीआरमध्ये हवा सोडलेल्या टाकीत प्लॅस्टिकचे बारके जाळीदार तुकडे फिरत असतात, त्याला मीडिया म्हणतात, त्यावर घाण खाणाऱ्या बॅक्टेरियाचा थर बसतो. सकाळी सगळ्या बिल्डिंगच्या आंघोळी एकदम झाल्या तरी ते सहजासहजी वाहून जात नाहीत, हा याचा मोठा फायदा. पुढे गाळ खाली बसवणारा ट्यूब सेटलर, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि क्लोरीन. बरा शिकवलेला ऑपरेटर चालवू शकतो. पण बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं, टाळला की फ्लशमध्ये पिवळट पाणी येतं आणि मग ग्रुपवर फोटो सुरू. कोटेशनमध्ये मीडिया किती घनमीटर टाकणार ते लिहून घ्या, कारण पैसे वाचवायला तिथेच हात आखडतात, आणि टाकी झाकली की मोजायला कोण जातंय.

एसबीआरमध्ये एकाच टाकीत भरणं, हवा देणं, गाळ बसू देणं आणि वरचं पाणी काढणं असं पाळीपाळीने चालतं. वेगळा सेटलर लागत नाही, पाणी छान निघतं, नवी मुंबईत नेरुळचा पालिकेचा मोठा प्लांट याच पद्धतीचा आहे. पण तिथे इंजिनिअर बसलेले असतात हो! सोसायटीत सेन्सर नाहीतर व्हॉल्व्ह बिघडला की माणूस पॅनल मॅन्युअलवर टाकतो, वेळा चुकतात आणि गाळासकट पाणी बाहेर. मोठं कॉम्प्लेक्स आणि चोवीस तास माणूस असेल तरच विचार करा.

एमबीआर सगळ्यात देखणा. यात पाणी मेम्ब्रेन नावाच्या अतिबारीक गाळणीतून ओढतात, तिची छिद्रं मायक्रॉनच्या काही शतांश ते दशांश भागाएवढी, त्यामुळे सेटलर नको, सँड फिल्टर नको, जागा कमी. गिरगाव-दादरच्या चिंचोळ्या प्लॉटवर जिथे एकेका पार्किंगसाठी मारामारी असते तिथे याला पर्याय उरत नाही कधीकधी. पण मेम्ब्रेन साफ ठेवायला सतत वेगळी हवा मारावी लागते, त्याची वीज, वरून हायपो (क्लोरीनचं द्रावण) आणि सायट्रिक अ‍ॅसिडने धुणं, आणि काही वर्षांनी मेम्ब्रेनच बदलायची, ते बिल आलं की जनरल बॉडीत जो गोंधळ होतो तो विचारू नका. केस, वाइप्सचे धागे, तेल हे तिचे शत्रू, आणि आपल्याकडे मासे तळलेलं तेल सर्रास सिंकमध्ये जातं. १ ते ३ मिलीमीटरची बारीक जाळी आणि ऑइल-ग्रीस ट्रॅप नसेल तर एमबीआरच्या नादाला लागूच नका.

माझं मत विचाराल तर, जागा असेल तर एमबीबीआर घ्या, आणि फ्लशला लागतं तेवढ्याच पाण्यासाठी शेवटी छोटं अल्ट्राफिल्ट्रेशन युनिट, म्हणजे मेम्ब्रेनचीच छोटी गाळणी, लावा. गढूळपणा बराच कमी होतो, आणि जे पाणी गटारातच जाणारंय त्याच्यावर मेम्ब्रेनचा खर्च होत नाही. जागाच नसेल तर एमबीआर, पण मेम्ब्रेनसाठी पहिल्या वर्षापासून वेगळा फंड काढून.

कुठलंही घ्या, टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर वरून उचलून काढता येणारेच मागा. तळाला फिक्स असले की बदलायला टाकी रिकामी करून आत माणूस उतरवायची वेळ येते, आतला गॅस जीव घेतो, आणि सेप्टिक टँक किंवा गटारात धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आणि संडासातला जेट स्प्रे कायम ताज्या पाण्याच्या लाइनवर, फ्लशच्या नाही. फ्लॅटचं रिनोव्हेशन करताना प्लंबर जवळची लाइन दिसली की जोडून मोकळा होतो, म्हणून शाफ्टमध्ये दोन्ही लाइनचे रंग वेगळे ठेवा आणि टाइल्स बसायच्या आधी सोसायटीच्या माणसाने बघितल्याशिवाय काम पुढे जाऊ देऊ नका.