'ए१०के' दुहेरी पॉट: घरगुती स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरसाठी

आवाजाच्या बटणाला हाच पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून रोध बदलणारा भाग) घ्यावा. '१०के' म्हणजे १० किलोओहम, दुहेरी म्हणजे एकाच शाफ्टवर दोन चॅनेलसाठी दोन पॉट, आणि 'ए' म्हणजे बहुधा लॉग: कानाला आवाज फेरीभर सारखा चढत जातो. 'बी' छापाचा पॉट बहुधा लिनिअर, म्हणजे फेरीच्या प्रमाणात रोध बदलणारा असतो. त्यात सुरुवातीच्या पाव फेरीतच आवाज चढतो, पुढची फेरी जवळपास वाया. शाफ्ट आपल्याकडे, पिना खाली धरल्या तर डावी ग्राउंडला, उजवी इनपुटला, मधली १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या आयसीला (चिपला). हा कपॅसिटर गाळला तर आयसीच्या बायसचा (चिपच्या इनपुटवरचा स्थिर) डीसी व्होल्टेज पॉटवर येतो आणि पॉट फिरवताना खरखर ऐकू येते. हात लावल्यावर गुणगुण बदलत असेल तर पॉटची धातूची बॉडी ग्राउंड करा. स्पीकरच्या वायरीत मात्र हा पॉट लावू नका, ट्रॅक (आतला कार्बनचा पट्टा) जळेल. उणीव एकच, पण खटकणारी: अगदी हळू आवाजात डावा-उजवा चॅनेल सारखा राहत नाही. स्वस्त कार्बन ट्रॅककडून आणखी काय मागणार!