डिजिटल स्कॅनर वर्षभर वापरल्यावर: बे एरियात काय ऐकू येतं, काय नाही

आधी निकाल सांगते. पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला म्हणून बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) स्कॅनर, म्हणजे असं बोलणं पकडणारं यंत्र, घेणार असाल, तर थांबा. वणवे, आगीचे बंब, रुग्णवाहिका आणि हायवे पेट्रोल (महामार्ग पोलीस) यांच्यासाठी घेत असाल तर खुशाल घ्या, पैसे वसूल होतात. माझा हातात मावणारा डिजिटल स्कॅनर वर्षभर जवळजवळ रोज चालू असतो. ६५०-७०० डॉलरच्या वर्गातला आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मुख्य गोष्ट सगळ्यांना सारखीच लागू आहे: एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक करून बंद केलेला टॉकग्रुप (डिजिटल यंत्रणेतला एकेका गटाचा चॅनेल) कुठलाच स्कॅनर उघडत नाही. लॅपटॉपला लावायचा तीस-चाळीस डॉलरचा एसडीआर डाँगल (संगणकावर रेडिओ ऐकवणारा छोटा रिसीव्हर) देखील नाही. आणि तसा प्रयत्न करणं अमेरिकन कायद्याने गुन्हा आहे.

महागडा का घेतला? सांता क्लारा काउंटीतली बहुतेक यंत्रणा पी२५ फेज २ या डिजिटल रेडिओ पद्धतीवर चालते आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक टॉवर एकाच वेळी तेच बोलणं पाठवतात. दोन टॉवरचे सिग्नल किंचित मागेपुढे पोहोचले की साध्या डिजिटल स्कॅनरमध्ये शब्दांचा चेंदामेंदा होतो. माझ्या जुन्या सेटवर स्वयंपाकघरात पत्ता ऐकू यायचा आणि बेडरूममध्ये नुसती खरखर. नव्यात हा त्रास जवळपास संपला. बॅटरी मात्र दिवसभर टिकत नाही. घरात तो चार्जरलाच लावलेला असतो.

आता पोलिसांबद्दल. आमच्या गावच्या पोलिसांचा टॉकग्रुप मी यादीतून काढलेला नाही. कोणी बोलायला लागलं की पडद्यावर टॉकग्रुपचं नाव उजळतं, शेजारी ‘ईएनसी’ (एन्क्रिप्टेड) ही अक्षरं येतात आणि आवाज शून्य. मध्यंतरी एका संध्याकाळी घरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, चौकात गाड्या आडव्या लावल्या होत्या, आणि पडद्यावर ती तीन अक्षरं थांबायचं नाव घेत नव्हती. काय चाललंय याचा पहिला अंदाज आला तो फायरच्या चॅनेलवरून. रुग्णवाहिकेला ‘स्टेज’ व्हायला सांगितलं, म्हणजे दोन गल्ल्या अलीकडे थांबा, पोलीस जागा सुरक्षित असल्याचं सांगेपर्यंत आत जाऊ नका. हा शब्द ऐकला की मुलांना घरात घ्यायचं, एवढं आता कळतं. पण शेजारपाजारच्या लोकांनी हे असं आडून समजून घ्यावं, हे मला पटत नाही.

असं का झालं? ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने पोलीस खात्यांना एक पत्रक पाठवलं. लायसन्स नंबर, जन्मतारीख, गुन्ह्यांची नोंद अशी खाजगी माहिती उघड्या रेडिओवर वाचली जाऊ नये, असा मुद्दा होता. तो रास्तच आहे. गाडी थांबवलेल्या माणसाचा तपशील मलाही ऐकायचा नाही. पण त्याच पत्रकात दोन वाटा होत्या: एक तर एन्क्रिप्शन करा, नाहीतर अशी माहिती रेडिओवर बोलण्यावर निर्बंध घाला. अनेक शहरांनी पहिली वाट धरली आणि सगळंच बंद केलं. पालो आल्टोनेही जानेवारी २०२१ मध्ये तेच केलं. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये, नवे पोलीस प्रमुख आल्यावर, त्यांनी मुख्य चॅनेल पुन्हा उघडा केला. खाजगी तपशील फोनवर किंवा गाडीतल्या संगणकावर घ्यायचा, बाकीचं सगळं रेडिओवर बोलायचं. म्हणजे दुसरी वाट चालते, हे बे एरियातच सिद्ध झालेलं आहे. राज्यभर तसंच करायला लावणारं सेनेटर जॉश बेकर यांचं विधेयक, एसबी १०००, त्याच वर्षी असेंब्लीत अडकलं. मला अजून त्याची हळहळ वाटते.

हायवे पेट्रोल तर आजही ४० मेगाहर्ट्झच्या आसपास जुन्या अ‍ॅनालॉग रेडिओवर बोलतं, आणि मोकळेपणाने. मात्र स्कॅनरसोबत येणारी बोटभर अँटेना इथे कुचकामी आहे. या फ्रिक्वेन्सीची पाव तरंगलांबी जवळजवळ १.८ मीटर भरते. बाल्कनीत तेवढी तार सोडली आणि फरक लगेच जाणवला. कोडही लवकर पाठ होतात: ११-८३ म्हणजे अपघात, तपशील माहीत नाही, ११-७९ म्हणजे अपघात आणि रुग्णवाहिका निघाली, ११-८५ म्हणजे टो ट्रक हवा. कामावर जाण्याआधी दहा मिनिटं ऐकलं तरी कुठला रस्ता टाळायचा ते ठरतं.

पण या यंत्राचं खरं मोल वणव्याच्या हंगामात कळतं. कॅल फायर, म्हणजे राज्याचं अग्निशमन खातं, अजून व्हीएचएफ पट्ट्यातल्या जुन्या अ‍ॅनालॉग रेडिओवर आहे आणि सगळं उघडं आहे. पहिला बंब पोहोचला की कॅप्टन एका दमात परिस्थिती सांगतो: किती एकर, गवत आहे की झुडपं, आग कोणत्या वेगाने सरकते आहे, घरांना धोका आहे का, आणखी किती वाढू शकते. नंतर वर घिरट्या घालणाऱ्या विमानातून एअर अटॅकचा, म्हणजे हवाई काम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा, आवाज येतो आणि तो टँकर विमानांना एकामागून एक जागा दाखवतो. ऑगस्ट २०२० मध्ये विजांच्या वादळानंतर सांताक्रूझच्या डोंगरात ८६,००० एकरांहून जास्त जळालं. ते धुराचे दिवस ज्यांनी इथे काढले, त्यांना कॅप्टनच्या त्या पाच वाक्यांची किंमत सांगावी लागत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेलं, आता घराघरात पोहोचलेलं वॉच ड्यूटी हे वणव्यांची खबर देणारं अ‍ॅपही याच उघड्या रेडिओवर उभं आहे. त्यांची माणसं बसून ऐकतात आणि लिहितात. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या आगींत असंख्य लोकांनी ते उघडून निघायचं कधी ते ठरवलं. उद्या फायरचे चॅनेलही बंद झाले तर अशा अ‍ॅपचा मोठा आधार जाईल.

घेण्याआधी रेडिओरेफरन्सच्या (चॅनेलच्या याद्या देणाऱ्या) साइटवर आपली काउंटी उघडून टॉकग्रुपसमोरची अक्षरं पाहा. स्मॉल ‘ई’ म्हणजे काही बोलणं एन्क्रिप्टेड, कॅपिटल ‘ई’ म्हणजे सगळंच. भारतात मात्र नेऊ नका, तिथे असा सेट विनापरवाना बाळगता येत नाही.

आमच्या सिटी कौन्सिलच्या सभेत नागरिकांना बोलायला वेळ मिळतो. पुढच्या सभेत मी पालो आल्टोचं धोरण छापून नेणार आहे, आणि खाजगी माहितीपुरता फोन वापरता येत असताना आपला सगळा चॅनेल का बंद आहे, हे विचारणार आहे. आसपास राहत असाल तर तुम्हीही या.