गुऱ्हाळावरचा नोकिया १०५

काकवीनं चिकट झालेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारा, म्हणून काम करतो. काहिलीतला रस उतरायच्या बेतात असताना फोन वाजला, तर हात धुवायला सवड कुणाला? बटण दाबायचं, बोलायचं, परत खिशात. त्यासाठी नोकिया १०५, २०१९ चं मॉडेल, राजारामपुरीतनं बाराशेच्या आसपास घेतला. पोराचा भारीतला फोन गुऱ्हाळावर आला की पिशवीतनं बाहेरच निघत नाही.

फोनात आहे काय? पावणेदोन इंची स्क्रीन, दोन हजार नंबर मावतील एवढी जागा, सापाचा गेम आणि डोक्यावर टॉर्च. एफएम ऐकायचं तर हेडफोन खोचावाच लागतो, कारण त्याची वायरच अँटेना होते. टॉर्चला वरचं बटण दोनदा दाबायचं. रात्रपाळीच्या लाईटवर मोटर चालू करायला उसातनं जाणाऱ्याला त्याची किंमत कळते. गुळाचा सौदा कितीला निघाला एवढं अडत्याकडनं ऐकायला याहून जास्त फोन लागत नाही.

आता बॅटरी. आकडा ८०० एमएएच. आजकाल स्मार्टफोनला ५००० असते म्हणून पोरं हसतात. पण इथं नेट नाही, स्क्रीन चिमुकली, त्यामुळं बोलणं बेताचं असलं तर चार्जरची आठवणही होत नाही. २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, गावची लाईट गेली, तेव्हा भारीतले फोन एकेक करून बंद पडले. गल्लीतली माणसं पाहुण्यांना खुशाली कळवायला माझ्याकडं येत होती. मात्र नदीकडंच्या रानात रेंज कमी असली की हीच बॅटरी भराभर उतरते. टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकद लावून बोलावं लागतं. याच्यासारखा २जी फोन ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅटपर्यंत जोर लावतो. रेंजच नसेल तिथं बंद करून ठेवलेला बरा.

या बॅटरीचा खरा वैरी उष्णता. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आमच्याकडं चार्जिंगचा बोर्ड नेमका चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, भिंतीला! मी वायर ओढून घेऊन पाण्याच्या पिंपाशेजारच्या फळीवर चार्जिंग लावतो. चुलवाणात चिपाड टाकणाऱ्या गड्याचा फोन कायम गरम भिंतीलाच टेकलेला असायचा, त्याची बॅटरी एका हंगामात फुगली. फुगलीय का बघायचं तर बॅटरी काढून काचेवर आडवी ठेवायची आणि बोटानं टिचकी मारायची. भोवऱ्यासारखी गरगरली तर ती गेली. तिला टोचायचं नाही, दाबून परत बसवायचं नाही, आणि हात लांब करून चुलवाणात तर मुळीच टाकायची नाही. आमच्याकडं नको ते सगळं चुलवाणात जातं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायची.

दुकानदार अजूनही सांगतात, ‘मामा, पहिल्यांदा आठ तास चार्जिंग करा, मग पार संपू द्या.’ ही निकेलच्या बॅटऱ्यांच्या जमान्यातली गोष्ट. लिथियमला अर्ध्यावर लावलं तरी चालतं, उलट ती पार शून्यावर नेली की आयुष्य घटतं. मोठ्या चार्जरनं बॅटरी उडते हेही ऐकून सोडून द्या. चांगला चार्जर असेल तर फोन आपल्याला झेपेल तेवढाच करंट ओढतो. भीती बाळगायची ती बॅटरी काढून चिमट्यात धरायच्या त्या स्वस्तातल्या चार्जरची. ती भरली की कधी थांबायचं, याचा त्यातल्या बऱ्याच चार्जरांना पत्ता नसतो.

पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद. जादाचा फोन कपाटात ठेवायचा तर अर्धा चार्ज करून, बंद करून ठेवा. पूर्ण उतरलेला ठेवलात तर हंगाम सुरू होईपर्यंत बॅटरी इतकी खाली जाते की नंतर चार्जच घेत नाही.

कमी काय? जिओचं सिम यात चालणार नाही, कारण त्यांचं २जी नेटवर्कच नाही. जिओच हवं असेल तर १०५ चंच ४जी मॉडेल बघा. २०२२ च्या मार्चमध्ये बटणांच्या फोनवरनं पैसे पाठवायला युपीआय १२३पे आलं, पण पैशाचं मी पोरावरच सोपवलंय. व्हॉट्सॲप नाही, हे मी कमी धरत नाही.

नवी बॅटरी घ्यायची वेळ आली की जुनी सोबत न्या आणि दोन्हींवरचे नंबर जुळवून बघा. मला एका दुकानात मिळालेली डुप्लिकेट नुसती हातात घेतली तरी हलकी लागत होती, वर आकडा मात्र अस्सलपेक्षा मोठा छापलेला. तेव्हापासून मी काउंटरवरच बॅटरी फोनात घालतो, टॉर्च लावतो, तो चालू ठेवूनच घरी एक फोन करतो, आणि मगच पैसे देतो.